‘लेगाडा’ : दक्षिणी मराठा मुलुखातील एक शब्द आणि आफ्रिकेतील बटुमूषक

१. विषयप्रवेश

प्राण्यांच्या शास्त्रीय नामावलीत बहुसंख्य नावे ग्रीक व लॅटिन भाषांतून घडविलेली आढळतात. ह्या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत दख्खनच्या व कर्नाटकाच्या सीमेवरील बोलींतून उचललेले काही शब्द आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांच्या फारशी लक्षात आलेली नाही. गोलुंडा, मेल्टाडा, कोक, लेगाडा, बूडुगा ही त्यांपैकी काही नावे होत. ती सर्व उंदरांची आहेत, सर्व १८३७ च्या सुमारास रूढ झाली, आणि त्या सर्वांचे मूळ ज्याला कंपनी सरकारच्या कागदपत्रांत ‘दक्षिणी मराठा मुलूख’ म्हणत त्या धारवाड-बेळगावच्या परिसरात आहे.

ह्यांपैकी ‘लेगाडा’ ह्या नावाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. एका उंदराचे हे नाव दुसऱ्याच उंदराला जोडले गेले. पुढे ते समुद्र ओलांडून आफ्रिकेतील अतिशय लहान रानउंदरांच्या गटाला लाभले. आणि अखेरीस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शास्त्रीय व्यवहारातून बाजूला पडले. ज्या प्राण्याला ते प्रथम चिकटविले गेले तो लहान शेतउंदीर मात्र आजही महाराष्ट्रातील शेतांच्या बांधांतून राहतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरसारख्या कालव्याखालील उसाच्या प्रदेशात त्याचा विचार केला, तर नावांचा प्रश्न केवळ कोशकारांचा राहत नाही. तो शेतीचाही होतो. प्रस्तुत लेखात ह्या लहान उंदरांचे जीवशास्त्र, त्यांचे निवासस्थान आणि त्यांच्या नावांचा प्रवास ह्या तीन गोष्टींचा एकत्र विचार केला आहे.

२. एका शब्दाखालील अनेक प्राणी

मराठीत ‘उंदीर’ हा शब्द संस्कृत ‘उन्दुर’ किंवा ‘उन्दुरु’ ह्यापासून आलेला आहे. घरातील भिंतीच्या कडेने धावणारा दहा-पंधरा ग्रॅमचा प्राणी आणि गोदामातील पोती कुरतडणारा दीडदोनशे ग्रॅमचा प्राणी ह्या दोहोंना हा एकच शब्द चालतो. ज्या ठिकाणी इंग्रजी भाषा दोन वेगळे शब्द वापरते, तेथे मराठी ‘लहान’ व ‘मोठा’ ह्या विशेषणांवर काम भागविते. त्याहून मोठ्या व माती उकरणाऱ्या जातीसाठी ‘घूस’ हा स्वतंत्र शब्द आहे. ‘चिचुंद्री’ हा शब्दही व्यवहारात उंदरांच्या पंक्तीत बसविला जातो. परंतु चिचुंद्री हा कृंतक प्राणी नव्हे. तिच्या दातांची रचना कीटक खाण्यास अनुकूल असते, आणि प्राणिशास्त्र तिला सर्वस्वी निराळ्या गणात घालते.

श्रीरामपूरच्या परिसरासारख्या शेतीच्या प्रदेशात ‘उंदीर’ ह्या एका शब्दाखाली निदान चार प्रकारचे प्राणी येऊ शकतात. पहिला, लहान घूस म्हणता येईल असा बळकट, आखूड तोंडाचा, बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचे ढीग टाकणारा व बिळे आतून बंद करून घेणारा उंदीर. बिळात धान्याचा साठा करण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. दुसरा, मऊ केसांचा मध्यम आकाराचा उंदीर. काळ्या जमिनीच्या भेगा हे त्याचे आवडते आश्रयस्थान होय. तिसरा, झुडपांच्या व गवताच्या आडोशाने राहणारा, ठिपकेदार पिवळसर तपकिरी रंगाचा झुडपी उंदीर. आणि चौथा, ह्या सर्वांत लहान असलेला शेतउंदीर. शास्त्रीय भाषेत मूस बूडुगा. पहिल्याचे वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, तर चौथ्याचे दहा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन प्राण्यांच्या वजनात सुमारे पंचवीस पटींचा फरक असतो.

३. लहान शेतउंदीर : शरीर व जीवनक्रम

मूस बूडुगा ह्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या प्राण्याची डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी साधारणतः साठ ते सत्तर मिलिमीटर भरते. शेपटी जवळजवळ तेवढीच किंवा किंचित आखूड असते. पाठ तपकिरी, पोट पांढरे आणि कान गोलसर असतात. रात्री संचार करणे, दिवसा बिळात राहणे, धान्याचे दाणे, गवताचे बी व क्वचित कीटक खाणे हा त्याचा सामान्य क्रम आहे. बीळ शेताच्या बांधात किंवा पाटाच्या काठाला असते. त्याचे तोंड इतके अरुंद असते की मोठ्या उंदराच्या बिळाशी त्याचा घोटाळा होण्याचे कारण नाही. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असून एका वेळी अनेक पिले होतात. पिले जन्मतः केसरहित व बंद डोळ्यांची असतात.

हा प्राणी एखाद्या मोठ्या उंदराचे पिल्लू नव्हे, हे ओळखण्यास शरीराची प्रमाणे उपयोगी पडतात. मोठ्या जातीच्या पिल्लाचे डोके व मागचे पाय त्याच्या धडाच्या मानाने मोठे दिसतात, कारण ते पुढील वाढीच्या बेताने घडलेले असतात. लहान शेतउंदराचे पाय मात्र त्याच्या शरीराला शोभतील इतकेच बारीक असतात. कवटी उपलब्ध असल्यास निर्णय अधिक निश्चित होतो. मूस ह्या प्रजातीत वरच्या जबड्यातील पहिली दाढ असाधारण मोठी असते. तीन दाढांच्या रांगेतील अर्ध्याहून अधिक जागा ती एकटी व्यापते. घुबडे आपल्या भक्ष्याची हाडे व केस गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकतात. अशा गोळ्यांतून मिळालेल्या जबड्यावरूनही ह्या दाढेमुळे मूस ओळखता येतो.

ह्याच शेतांतून मूस टेरिकलर नावाची आणखी एक जाती आढळू शकते. ब्लाइथने १८५१ मध्ये तिचे वर्णन केले. बाह्य रूपावरून ह्या दोन जातींत भेद करणे अनुभवी संग्राहकालाही कठीण जाते. दोहोंच्या पेशींत गुणसूत्रांची संख्या ४० हीच असते. परंतु टेरिकलरच्या गुणसूत्रांना जादा आखूड भुजा असतात, बूडुगाच्या कायिक गुणसूत्रांना त्या नसतात. डोळ्यांना न दिसणारा हा भेद सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट होतो. लोकभाषेत ह्या दोहोंना एकच नाव असल्यास तो लोकभाषेचा दोष म्हणता येणार नाही, हे येथे नमूद करणे उचित होईल.

भारतीय जीवशास्त्रात ह्या लहान प्राण्याने मानाचे स्थान मिळविले आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन ह्यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या अंगभूत कालमापनावर, म्हणजे ज्याला ‘जैविक घड्याळ’ म्हणतात त्यावर, जे दीर्घ संशोधन झाले त्यात मूस बूडुगा हा एक प्रमुख प्रायोगिक प्राणी होता. १९८५ मध्ये विश्वनाथन व चंद्रशेखरन ह्यांनी दाखवून दिले की, पिलांना प्रकाशाची कोणतीही खूण मिळत नसतानाही त्यांचे घड्याळ आईच्या येण्याजाण्याशी जुळविले जाते. आई जवळ असण्याचा काळ पिलांना दिवसासारखा व ती नसण्याचा काळ रात्रीसारखा ठरतो. रानातील परिस्थितीशी ह्याचा मेळ सहज बसतो. बिळाच्या अंधारात सूर्य दिसत नाही. परंतु आई रात्री चरावयास जाते व दिवसा परतते, आणि पिलांच्या दृष्टीने तोच सूर्योदय व सूर्यास्त होय.

४. आफ्रिकेतील बटुमूषक

मूस प्रजातीचे आज चार उपविभाग मानतात. घरउंदीर, मूस बूडुगा व मूस टेरिकलर हे पहिल्या उपविभागात येतात. भारतातील काटेरी केसांचे उंदीर दुसऱ्यात, निलगिरी व श्रीलंकेसारख्या डोंगराळ भागांतील चिचुंद्रीसारखे दिसणारे उंदीर तिसऱ्यात आणि सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील लहान उंदीर चौथ्यात. ह्या चौथ्या उपविभागास नॅनोमिस म्हणतात. ग्रीक भाषेत ‘नॅनोस’ म्हणजे बुटका व ‘मिस’ म्हणजे उंदीर. मराठीत त्यास ‘बटुमूषक’ म्हणण्यास हरकत नसावी. त्यात सुमारे वीस जाती समाविष्ट होतात.

त्यांपैकी मूस मिन्यूटॉइडिस ही जाती स्मिथने १८३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप प्रदेशातून वर्णिली. हिचे वजन तीनपासून बारा ग्रॅमपर्यंत असते. लहान व्यक्ती आपल्या शेतउंदराच्या निम्म्यानेही भरत नाहीत. शेपटीही शरीराच्या मानाने आखूड असते. गवताळ माळ, विरळ झाडीची सॅव्हाना, खडकाळ उतार व शेतांच्या कडा ही तिची निवासस्थाने होत. गवताचे बी व कीटक हा आहार, रात्रीचा संचार, सुमारे तीन आठवड्यांचा गर्भकाळ, दीडदोन महिन्यांत येणारी प्रजननक्षमता हा सर्व क्रम भारतीय भाईबंदांसारखाच आहे.

इतके लहान शरीर टिकविणे सोपे नसते. प्राण्याचा आकार जसजसा घटतो, तसतसे त्याच्या घनफळाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ वाढत जाते. उष्णता घनफळातून निर्माण होते व कातडीतून निघून जाते. म्हणून पाच ग्रॅमच्या उंदराला शरीर उबदार ठेवण्यासाठी वजनाच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात अन्न घ्यावे लागते, आणि दीर्घ उपास त्याला सोसत नाही. गवताच्या आस्तरणाचे घरटे, जमिनीखालचे बीळ, एकमेकांच्या उबेला बिलगून राहणे ह्या गोष्टी त्याच्या दृष्टीने चैनीच्या नसून निर्वाहाच्या असतात.

आनुवंशिकीच्या क्षेत्रात बटुमूषकाने मोठेच कुतूहल निर्माण केले आहे. स्वित्झर्लंडमधील गुणसूत्रशास्त्रज्ञ रोबेर माते ह्यांनी १९५० नंतरच्या दोन दशकांत ह्या गटाच्या गुणसूत्रांचा विस्तृत अभ्यास केला. निरनिराळ्या ठिकाणच्या उंदरांत गुणसूत्रांची संख्या निरनिराळी भरते. कारण दोन गुणसूत्रे एकमेकांस जोडली जाऊन एक होण्याची क्रिया ह्या गटात वारंवार घडलेली आहे. काही ठिकाणी ही संख्या १८ पर्यंत उतरलेली आढळते. लिंगनिर्णय करणारी गुणसूत्रेही काही गटांत इतर गुणसूत्रांशी जोडली गेली आहेत. त्याहून नवलाची गोष्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सस्तन प्राण्यांत एक्स व वाय अशी जोडी असलेली व्यक्ती सामान्यतः नर असते. परंतु मूस मिन्यूटॉइडिसच्या काही समूहांत अशी जोडी असलेल्या पुष्कळ व्यक्ती पूर्णपणे प्रजननक्षम माद्या असतात. त्यांचे एक्स गुणसूत्र बदललेले असून ते वाय गुणसूत्राच्या नरनिर्णायक प्रभावावर मात करते. अशा मादीच्या पिलांपैकी ज्यांना दोन्ही बाजूंनी वाय मिळते ती जगत नाहीत. असे असूनही ह्या माद्यांची प्रजननक्षमता इतर माद्यांहून अधिक आढळली, आणि त्यामुळेच हे बदललेले गुणसूत्र समूहात टिकून राहिले असावे, असे स्पष्टीकरण देण्यात येते.

५. खड्यांचे बीळ

बटुमूषकाच्या एका सवयीचा उल्लेख अनेक ग्रंथांत येतो. तो आपल्या बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवतो. रात्रीच्या गारव्यात खड्यांवर दव जमते आणि पहाटे उंदीर ते चाटून आपली तहान भागवितो, असे सांगितले जाते.

भारतीय अभ्यासकाला ह्या वर्णनाने एका जुन्या नोंदीची आठवण व्हावी. वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा मुलकी अधिकारी धारवाडच्या बाजूस दीर्घकाळ होता. त्याने १८३९ मध्ये ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’ ह्या नियतकालिकात दक्षिणी मराठा मुलुखातील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. तेथील देशी भाषांतील प्राण्यांची नावे देण्याची प्रतिज्ञा सूचीच्या शीर्षकातच आहे. ह्या सूचीत काटेरी केसांच्या एका तपकिरी उंदराविषयी एलियट सांगतो की, तो तांबड्या मुरमाड जमिनीत, बहुधा उतारावर, बेताच्या खोलीचे बीळ करून राहतो. प्राणी आत असला म्हणजे बिळाचे तोंड खड्यांनी बंद केलेले असते व बाहेरही खडे साठविलेले असतात. त्यावरून बीळ ओळखता येते. आतल्या कोठडीतही खड्यांचीच शेज असते व तिच्यावर तो बसतो. हा उंदीर म्हणजे मूस प्लॅटिथ्रिक्स. त्याचे वर्णन बेनेटने १८३२ मध्ये दख्खनमधील नमुन्यावरून केले होते. पश्चिम महाराष्ट्राचा मुरमाड माळ हे त्याचे स्वाभाविक निवासस्थान असून काळ्या जमिनीतील शेतउंदराशी त्याची गल्लत होऊ नये.

दोन खंडांतील दोन उंदीर खडे जमवितात. एका ठिकाणी त्याचा हेतू पाणी मिळविणे हा सांगितला जातो, तर दुसऱ्या ठिकाणी दार लावणे व आसन करणे हा. मराठवाड्याच्या किंवा धारवाडच्या माळावरील खड्यांवरही दव पडत असेलच. परंतु सवयीतील साम्यावरून हेतूचे साम्य गृहीत धरणे शास्त्राला संमत नाही. ऑस्ट्रेलियातही खड्यांचे ढीग रचणारे उंदीर आहेत, आणि ते मूस प्रजातीचे नाहीत. सारखी दिसणारी वर्तणूक भिन्न कुळांत स्वतंत्रपणे उद्भवू शकते. भाषाशास्त्रात दोन भाषांतील सारखे दिसणारे शब्द एकाच मुळाचे मानण्यापूर्वी जी सावधगिरी बाळगतात, तीच येथेही आवश्यक आहे.

६. नावाचा प्रवास

एलियटने ह्या खडे जमविणाऱ्या उंदराचे जे देशी नाव नोंदविले ते ‘लेग्गाडे’. हे नाव वडारांच्या बोलीतील आहे. वडार समाजाची बोली तेलुगूच्या कुळातील असून दगड फोडणे, माती खणणे, तळी व बांध घालणे हा ह्या समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. जमिनीच्या पोटातील प्राण्यांची ओळख त्या व्यवसायातूनच होत असे. कुदळ घेऊन जो जमिनीत उतरतो त्याला प्रत्येक बिळाचा धनी ठाऊक असावा, ह्यात आश्चर्य नाही. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत ह्याच उंदराचे कानडी म्हणून ‘कल-यलका’ असे नाव दिलेले आढळते. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘यलका’ हा शब्द तेलुगू ‘एलुक’ म्हणजे उंदीर ह्याच्याशी जुळतो. म्हणजे ‘दगडी उंदीर’ हे वर्णन नावातच आलेले आहे.

एलियटने जमविलेले प्राणी लंडनला पोहोचले. ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे ह्याने १८३७ मध्ये त्यांची नावे प्रसिद्ध केली, आणि येथे एक उलथापालथ झाली. ‘लेगाडा’ हे नाव त्याने प्रजातीला दिले. परंतु त्या प्रजातीचा प्रमाणभूत नमुना म्हणून जी जाती पुढे केली ती खडे जमविणारा काटेरी उंदीर नव्हे, तर लहान शेतउंदीर, म्हणजे बूडुगा. वडारांनी एका उंदराला दिलेले नाव अशा रीतीने दुसऱ्याच उंदराचे कुळनाम झाले. ह्याच वेळी ‘गुलांडी’चे ‘गोलुंडा’ झाले आणि ‘मेट्टाडे’चे ‘मेल्टाडा’. ह्या दुसऱ्या रूपात पहिल्या ‘ट’च्या जागी ‘ल’ आला आहे. उच्चारात असा बदल होण्याचे कारण दिसत नाही. रोमन लिपीतील हस्ताक्षर वाचताना दोन उभ्या रेघांच्या अक्षरांची गल्लत झाली असावी, असे अनुमान करता येते. नामकरणाचे नियम असे की, एकदा प्रसिद्ध झालेले रूप सहसा बदलत नाही. म्हणून मऊ केसांच्या उंदराच्या नावात ही वाचनातील चूक आजतागायत नांदत आहे.

पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी ‘लेगाडा’ ह्या नावाखाली लहान आकाराचे आणखी उंदीर घातले आणि आफ्रिकेतील बटुमूषकही त्यात गेले. माते ह्यांच्या लेखांत आफ्रिकेचे उंदीर ‘लेगाडा’ ह्याच नावाने येतात. धारवाडकडील वडाराच्या तोंडचा शब्द अशा प्रकारे आफ्रिकेतील उंदरांच्या संदर्भात स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत उच्चारला जाऊ लागला. परंतु कवटी, दात व गुणसूत्रे ह्यांचा बारकाईने अभ्यास झाल्यावर, विशेषतः जो. टी. मार्शल ह्यांच्या १९७७ च्या आशियाई मूसांवरील ग्रंथानंतर, बूडुगा हा घरउंदराच्याच उपविभागातील असल्याचे मान्य झाले. प्रमाणभूत नमुना जेथे जातो तेथे त्याच्यावर आधारलेले नावही जाते. त्यामुळे ‘लेगाडा’ हे मूस ह्या नावाचे केवळ एक पर्यायनाम उरले. आफ्रिकेच्या गटासाठी पेटर्सने १८७६ मध्ये दिलेले नॅनोमिस हे नाव पुढे आले, आणि भारतातील काटेरी उंदरांना टॉमसचे १९११ मधील पायरोमिस हे नाव मिळाले. मूळचा लेग्गाडे अशा रीतीने आपल्या नावाला दोनदा मुकला : एकदा ते दुसऱ्यास दिले गेले तेव्हा, व पुन्हा ते रद्द झाले तेव्हा.

७. ‘बालमूषिका’ : एका समासाचा विचार

लहान उंदराला स्वतंत्र नाव असावे ही जाणीव संस्कृत कोशपरंपरेत होती. अमरकोशात उन्दुरु, मूषक व आखु हे पर्याय दिल्यानंतर ‘गिरिका’ हा वेगळा शब्द येतो व त्याचा अर्थ ‘बालमूषिका’ असा सांगितला आहे. मूषक हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणे ह्या धातूशी जोडला जातो. त्याचे सगोत्र शब्द लॅटिन ‘मूस’, ग्रीक ‘मिस’, फारसी ‘मूश’ असे दूरवर पसरले आहेत. आखु हा शब्द परंपरेने ‘खन्’ म्हणजे खणणे ह्यावरून साधतात. म्हणजे एक नाव प्राण्याच्या चोरीवरून व दुसरे त्याच्या खोदकामावरून पडले, असे परंपरा मानते. गिरिका मात्र आकारावरून वेगळी काढलेली आहे.

तथापि ‘बालमूषिका’ हा समास संदिग्ध आहे. ‘बाल’ म्हणजे वयाने लहान असे घेतले, तर उंदराचे पिल्लू असा अर्थ होतो. ‘बाल’ म्हणजे आकाराने लहान असे घेतले, तर लहान जातीचा उंदीर असा अर्थ होतो. कोशाच्या शब्दांवरून ह्यांपैकी एकाची निवड करता येत नाही. हीच संदिग्धता मराठीतील ‘लहान उंदीर’ ह्या शब्दप्रयोगात कायम आहे. लहान म्हणजे अजून मोठा व्हावयाचा, की लहान म्हणजे एवढाच राहणारा? भाषा हे सांगत नाही. शेतात दहा ग्रॅमचा प्राणी दिसला असता तो मोठ्या उंदराचे पिल्लू आहे असा समज होण्यास भाषेचाच असा हातभार लागतो.

८. निवासस्थानातील बदल व नावांचे महत्त्व

एलियटच्या सूचीतील आणखी एक नोंद ह्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. मऊ केसांचा मेट्टाडे काळ्या जमिनीच्या भेगांतून राहतो व दर पावसाळ्यात भेगा भरल्या की त्यांतील असंख्य उंदीर मरतात, असे तो सांगतो. १८२६ मध्ये पाऊस बेताचाच पडला व त्यानंतर हे उंदीर इतके वाढले की, त्यांनी पेरलेले बी खाऊन टाकले आणि पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. रयतेने वडारांना धान्याच्या मापाने मजुरी देऊन हजारो उंदीर मारविले, तरी संख्या कमी झाल्याचे जाणवले नाही. कोणत्या जातीची वाढ झाली, ती कशामुळे झाली व उपाय का फसला, ही तिन्ही उत्तरे ह्या नोंदीत आहेत. कारण तीत प्राण्याचे नाव नेमके आहे. नुसते ‘उंदीर वाढले’ असे लिहिले असते तर भेगांचा व पावसाचा संबंध हाती लागला नसता.

श्रीरामपूरचा परिसर मूळचा अवर्षणग्रस्त व काळ्या जमिनीचा. दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानकाभोवती हे गाव वाढले. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी ह्या प्रदेशाचे रूप पालटले. हरेगावचा खाजगी साखर कारखाना व त्यानंतर १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने लोणी येथे उभा राहिलेला सहकारी कारखाना ह्यांनी उसाचे क्षेत्र स्थिर केले. उंदराच्या दृष्टीने ह्या बदलाचा अर्थ असा की, जिरायत शेतात उन्हाळ्यात आडोसा नाहीसा होई व पावसाळ्यात भेगा भरत. उलट बागायतीत वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा ऊस, ओलसर बांध व पाटांचे काठ ह्यांमुळे अखंड आसरा व अन्न मिळते. पूर्वी ऋतुचक्र जी छाटणी करीत असे ती बागायतीत मंदावते, असे अनुमान ह्यावरून निघते. मात्र हा लाभ सर्व जातींना सारखा नाही. उसाचे बुंधे कुरतडण्यास लहान घुशीचे बळ लागते. दहा ग्रॅमच्या शेतउंदराचा रोख मुख्यतः दाण्यांवर व बियांवर असतो.

नियंत्रणाच्या उपायांतही हा भेद महत्त्वाचा ठरतो. झिंक फॉस्फाईड हे विष पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण करते. ते सामान्यतः ९६ भाग धान्याचा भरडा, २ भाग तेल व २ भाग विष ह्या प्रमाणात मिसळतात, आणि आधी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवून उंदरांना त्याची सवय लावतात. वापरातील बिळे मोजण्यासाठी संध्याकाळी सर्व बिळे मातीने बुजवून सकाळी उघडलेली बिळे मोजण्याची रीत आहे. परंतु घुशीचे बीळ आतून बंद असणे हेच ती आत असल्याचे लक्षण असते. म्हणून तिच्या बाबतीत ताजी माती पाहावी लागते. बांधावरील बारीक छिद्रे व उसातील रुंद बिळे एकाच आकड्यात मिळविली, तर तो आकडा कोणत्याच प्राण्याची गणना करीत नाही. ज्याने बुंधे कुरतडले तो सुटतो व ज्याने काही दाणे खाल्ले तो मरतो, अशी स्थिती मग संभवते. शिवाय लहान शेतउंदीर हा गव्हाणी घुबड, कापशी घार, मुंगूस व अनेक सर्प ह्यांचे भक्ष्य आहे. हेच भक्षक इतर उपद्रवी उंदरांनाही आवरतात. त्यांची उपासमार करणे किंवा विष खाल्लेले भक्ष्य त्यांच्या पोटी जाऊ देणे हे शेतीच्या हिताचे नाही.

श्रीरामपूरच्या शेजारीच राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. अशा भागात कृषिशास्त्र व भाषाशास्त्र ह्यांचे सहकार्य दुर्घट नाही. प्राण्यांच्या मराठी नावांचा संग्रह करताना शब्द, त्याचा उच्चार, बोलणाऱ्याचा व्यवसाय, गाव, जमिनीचा प्रकार आणि ज्या प्राण्याला तो शब्द लावला तो प्रत्यक्ष प्राणी, अशा सहा गोष्टी एकत्र नोंदविल्या पाहिजेत. ह्यांपैकी शेवटची गोष्ट सुटली की कोश शब्दांनी भरतो, पण वस्तूंनी रिता राहतो. वडार, ऊसतोडणी मजूर, पाटकरी, रात्री पाणी धरणारा शेतकरी ह्यांच्याजवळ जे शब्द असतील ते नव्याने घडविलेल्या पारिभाषिक शब्दांपेक्षा अधिक नेमके ठरण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखात वापरलेले ‘लहान शेतउंदीर’ व ‘बटुमूषक’ हे शब्द अशा संशोधनापर्यंत तात्पुरते मानावेत, हेच इष्ट.

एलियटने वडाराला बिळाच्या धन्याचे नाव विचारले व ते लिहून ठेवले. ग्रेने ते नाव घेतले, पण प्राणी बदलला. ह्या दोन कृतींतील अंतर हेच शब्दसंग्रह व शब्दज्ञान ह्यांमधील अंतर होय. ज्या प्रदेशातून हे शब्द एकेकाळी जगाच्या शास्त्रीय भाषेत गेले, त्या प्रदेशाच्या भाषांत ते आज किती शिल्लक आहेत, ह्याची पाहणी शेताच्या बांधावरच करावी लागेल. पुस्तकांच्या कपाटात ती होणार नाही.